हात, कान आणि अक्षर
(मारिया माँटेसरी यांच्या वाचन-लेखनविषयक प्रकरणांचे पुनर्वाचन)

काही ग्रंथांचे भाग्य विचित्र असते. त्यांच्या नावाच्या पाट्या गावोगाव झळकतात आणि ग्रंथ मात्र कपाटातच राहतो. डॉ. मारिया माँटेसरी यांचा जो ग्रंथ १९०९ साली इटालियन भाषेत प्रसिद्ध झाला आणि १९१२ मध्ये ‘द माँटेसरी मेथड’ या नावाने इंग्रजीत आला, त्याची गत अशीच झाली आहे. ‘माँटेसरी’ हा शब्द आपल्याकडे बालवर्गाला पर्याय म्हणून रूढ झाला. अलीकडे त्याच्या जोडीला ‘फोनिक्स’ हा दुसरा शब्द येऊन बसला आहे. अक्षरांची नावे पाठ करून घेण्याऐवजी अक्षरांचे ध्वनी मुलांना खेळातून, हाताळण्याच्या वस्तूंतून शिकवायचे, असा त्याचा अर्थ. आपल्या धर्मग्रामांतील तरुण आईवडील या शब्दासाठी पदरमोड करतात, शिकवण्या लावतात, रंगीत संच विकत आणतात. अशा वेळी या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथांपैकी एक पुन्हा उघडून पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही. त्यातील लेखन-वाचनाची प्रकरणे काय सांगतात, कोठे पटतात आणि कोठे अपुरी पडतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ग्रंथाची पार्श्वभूमी. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोममधील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत माँटेसरींचे पहिले ‘बालगृह’ सुरू झाले. तेथील मुले दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांची होती. माँटेसरी स्वतः वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या. मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी काम करताना त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांचे लेखन अभ्यासले होते. ज्ञान हे इंद्रियांच्या वाटेने बुद्धीपर्यंत पोहोचते, ही त्यांची श्रद्धा तेथूनच आलेली. सहा वर्षांखालील मुलांना लिहावाचायला शिकवण्याची कल्पना त्यांच्या मनात प्रारंभी नव्हती. वस्तीतील आयांनी, ज्यांपैकी अनेकींना स्वतःला अक्षर येत नव्हते, ती मागणी लावून धरली. एका जगप्रसिद्ध पद्धतीचा उगम अशा रीतीने निरक्षर मातांच्या हट्टात आहे, ही गोष्ट ग्रंथाच्या चाहत्यांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

पद्धत थोडक्यात अशी. सुताराकडे लाकूड घासण्यासाठी जो खरखरीत कागद असतो, त्या कागदाची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवायची. मुलाने दोन बोटे त्या अक्षरावरून, लिहिण्याच्या दिशेने फिरवायची. बोट चुकून बाहेर गेले की गुळगुळीत स्पर्शच त्याला चूक सांगतो, बाईंना रागावण्याचे कारण उरत नाही. बोट फिरत असताना त्या अक्षराचा ध्वनी म्हणायचा, नाव नव्हे. डोळा पाहतो, बोट चालते, कान ऐकतो, आणि तिन्ही साक्षी एकाच वेळी पडतात. त्यानंतर सुटी अक्षरे येतात. स्वर एका रंगाचे, व्यंजने दुसऱ्या रंगाची. मुलाला अजून पेन्सिल धरून लिहिता येत नाही, परंतु ऐकलेल्या शब्दाचे ध्वनी मनाशी वेगळे करून ती अक्षरे चटईवर ओळीने मांडता येतात. तिकडे धातूच्या आकृत्यांच्या कडेने रेघा ओढून आणि आतला भाग भरून पेन्सिलीला वळण लागत असते. दोन्ही तयाऱ्या वेगवेगळ्या वाटांनी चालतात आणि एके दिवशी एकत्र येतात. लेखन आधी, वाचन नंतर, असा हा क्रम. आपल्या शाळांच्या क्रमाच्या तो नेमका उलट आहे.

या प्रकरणातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग डिसेंबरातील एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर घडतो. माँटेसरी एका मुलाला खडू देऊन धुराड्याचे चित्र काढायला सांगतात. तो ते काढतो. शाबासकी मिळताच क्षणभर थबकतो आणि आपल्याला लिहिता येते असे ओरडत जमिनीवर ‘हात’ या अर्थाचा इटालियन शब्द लिहितो. मग धुराडे, मग छप्पर. इतर मुले धावत येतात, खडू मागतात आणि तीही लिहू लागतात. त्यांना आजवर कोणी लिहायला लावलेले नव्हते.

ग्रंथाचा साहित्य म्हणून विचार करता हा प्रसंग फार महत्त्वाचा आहे. तोवर लेखिकेची भाषा शास्त्रज्ञाची आहे: मोजमापे, उपकरणे, कोष्टके, पूर्वसूरींचे खंडन. येथे मात्र ती एकदम कथाकाराची होते. ऊन येते, गच्ची येते, मुलांचे आवाज येतात. जे डोळ्यांनी पाहिले त्याने लेखिका स्वतःच भारावली आहे, आणि तो भार वाचकापर्यंत पोहोचतो. मुलाने लिहिलेला पहिला शब्द ‘हात’ असावा, यात योजना नसून योगायोग आहे. परंतु संपूर्ण ग्रंथाचे सार त्या एका शब्दात सामावले आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

मात्र समीक्षकाने सावध व्हावे असे ठिकाणही हेच आहे. अशा प्रसंगांना माँटेसरी ‘स्फोट’ म्हणतात. हा शब्द चमत्काराच्या भाषेतला आहे. वस्तुतः त्यांनीच वर्णिलेली तयारी पाहिली तर तेथे अचानक असे काही नाही. महिनोन्‌महिने बोटे फिरली आहेत, कान घासूनपुसून तयार झाले आहेत. शेत नांगरून, पेरून, पाणी देऊन झाल्यावर अंकुर वर आला, तर त्याला आपण नवल म्हणतो, चमत्कार म्हणत नाही. ग्रंथातील या चमत्काराच्या सुराने पुढे मोठे नुकसान केले. ‘तीन महिन्यांत मूल वाचू लागेल’ अशा आजच्या जाहिरातींचे मूळ त्या सुरात आहे. शिवाय ज्याला जमले नाही, जो मागे राहिला, असे मूल या प्रकरणांत जवळजवळ भेटतच नाही. अनुभवी शिक्षिकेला हे खटकल्याशिवाय राहणार नाही. चाळीस मुलांच्या वर्गात दोनतीन मुलांना ध्वनी वेगळे ऐकू येण्यास दीर्घ काळ लागतो, आणि पद्धतीची खरी परीक्षा त्यांच्याच बाबतीत होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही पद्धत इटालियन भाषेत जन्मली. त्या भाषेत लेखन आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे, जे ऐकू येते ते बहुतांशी लिहिले जाते. इंग्रजीची गोष्ट वेगळी. अक्षरे सव्वीस, ध्वनी चव्वेचाळीसच्या आसपास, आणि एकेका ध्वनीला अनेक रूपे. शिवाय इंग्रजी अक्षरांची नावे आणि त्यांचे ध्वनी यांत अंतर आहे. सी, ए, टी ही तीन नावे कितीही वेगाने म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. ‘क्‌, ॲ, ट्‌’ हे ध्वनी जुळवले तरच निघते. इंग्रजीसाठी फोनिक्सची गरज येथे आहे आणि ती खरी आहे. इंग्लंडमध्ये १९९२ पासून प्रचारात आलेल्या ‘जॉली फोनिक्स’ने बेचाळीस ध्वनी ठरवून प्रत्येकाला एक हावभाव जोडला, तो याच गरजेपोटी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली दिलेल्या अहवालातही पद्धतशीर ध्वनिशिक्षणाच्या बाजूने निष्कर्ष निघाला. तेव्हा ‘हे सारे फॅड आहे’ असे म्हणून हात झटकणे योग्य नाही.

परंतु ज्याची मातृभाषा मराठी आहे अशा शिक्षकाच्या जिभेवर एक अडचण बसलेली असते. आपल्या वर्णमालेत ‘क’ म्हणताना त्यात ‘अ’ मिसळलेला असतो. तोच ‘क’ आणि तोच ‘ट’ घेऊन इंग्रजी शब्द जुळवू पाहणाऱ्या मुलाच्या हाती ‘क-ॲ-ट’ असा विस्कळीत आवाज येतो, शब्द येत नाही. रंगीत संच घरात आले तरी व्यंजन ‘अ’शिवाय कसे उच्चारावे हे मोठ्यांनाच शिकावे लागते. संचाच्या किमतीत ते शिक्षण मिळत नाही.

मराठीकडे पाहावे तर चित्र पालटते. आपल्या अक्षराचे नाव हाच त्याचा ध्वनी आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असा जो वर्णमालेचा क्रम आहे, तो आवाज तोंडात कोठे उमटतो या शास्त्रावर रचलेला आहे. माँटेसरींना जे रोमन लिपीवर लादावे लागले, ते आपल्या लिपीत हजारो वर्षांच्या विचाराने आधीच सिद्ध होते. दुर्दैव असे की या शास्त्राचे आपण केवळ पाठांतर केले. ‘क ला काना का’ हा घोष मूल सुरात म्हणते आणि समोर ‘का’ आले की गोंधळते. ज्या वर्णमालेत ओठ, जीभ आणि टाळू यांचा खेळ दडला आहे, तिचे आपण ओझे करून ठेवले.

मराठीच्या स्वतःच्या अडचणीही आहेत, आणि त्या माँटेसरींच्या ग्रंथात सापडणार नाहीत. ‘कमळ’ आपण तीन अक्षरांत लिहितो, पण शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ बोलत नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोहोंचे लेखन एक, पण ‘ज’चे उच्चार दोन. ‘र’ हे अक्षर जोडाक्षरात शिरले की कधी डोक्यावर बसते, कधी पायाशी जाते. आणि पहिली वेलांटी! ‘कि’ म्हणताना आधी ‘क्‌’ ऐकू येतो, मग ‘इ’. लिहिताना मात्र वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते. कान एक क्रम सांगतो आणि डोळा दुसरा. येथे सुट्या अक्षरांची युक्ती फार उपयोगी पडते. पुठ्ठ्याचा ‘क’ आधी मांडायचा आणि मग वेलांटीचा तुकडा त्याच्या डावीकडे सरकवायचा, म्हणजे हाताचा क्रम कानाच्या क्रमाशी जुळतो. नुसत्या पाटीवर ही सोय नाही. माँटेसरींचे साहित्य जसेच्या तसे न उचलता त्यामागचे तत्त्व उचलले तर ते आपल्या लिपीला कसे फळ देते, याचे हे एक लहानसे उदाहरण.

असे तत्त्व उचलणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली, हे आपले भाग्य. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. त्यांच्या सहवासात तयार झालेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला आणि पुढे तो कोसबाडच्या टेकडीवर नेला. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. बोर्डी आणि कोसबाड ही गावे वसईच्याच जिल्ह्यातली, पूर्वी ठाणे आणि २०१४ पासून पालघर. माँटेसरींची महागडी उपकरणे तेथे परवडणारी नव्हती आणि आदिवासी पाड्यांत ती शोभलीही नसती. म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पाने हेच साहित्य झाले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात गेली. स्वतः माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या, तरी त्यांच्या विचाराचे खरे भाषांतर कागदावर न होता अशा टेकडीवर झाले, असे म्हणावेसे वाटते. ग्रंथाची समीक्षा अनेक प्रकारे होते. त्याला आपल्या मातीत रुजवून पाहणे, हा त्यांतला उत्तम प्रकार होय.

येथवर आलो म्हणजे या लेखाचा खरा प्रश्न समोर येतो. गच्चीवरच्या त्या मुलाने ‘हात’ लिहिला तेव्हा तो शब्द त्याच्या घरात, त्याच्या आईच्या तोंडी, जन्मापासून राहत होता. अक्षरांनी त्या शब्दाला फक्त दार उघडून दिले. माँटेसरींच्या पद्धतीचे यश या न बोललेल्या गृहीतावर उभे आहे. ग्रंथात त्याची चर्चा पुरेशी होत नाही, कारण सान लोरेन्झोच्या वस्तीत तिची गरजच नव्हती. आपल्या घरांत ती आहे. आपली मुले मोठ्या संख्येने इंग्रजी माध्यमात जातात. फोनिक्सच्या साहाय्याने ती इंग्रजी शब्द खणखणीत वाचूही लागतात. पण वाचलेला शब्द आत जातो तेव्हा त्याला ओळखणारे तेथे कोणी असते का? ध्वनी जुळतात, अर्थ जुळत नाही. मूल वाचते, आईवडील हरखतात, आणि तिसरी-चौथीत एकाएकी लक्षात येते की धडा वाचता येतो पण सांगता येत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप आणि इथिओपियाचा अधिकारी यांची भेट वर्णिली आहे. तो अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्याने वाचत होता. फिलिपाने त्याला पहिला प्रश्न विचारला तो वाचलेले समजते काय, हाच. मार्गदर्शक नसता समजणार कसे, असे त्याचे नम्र उत्तर होते. उच्चार आणि आकलन यांतले अंतर आपल्या पवित्र ग्रंथाने इतक्या साधेपणाने दाखवून ठेवले असताना आपण मात्र मुलाच्या खणखणीत उच्चारावर समाधान मानतो.

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. वसईच्या कितीतरी घरांत प्रमाण मराठीही मातृभाषा नाही. कोठे सामवेदी म्हणजे कादोडी, कोठे वाडवळी बोलली जाते. मग ‘घरची भाषा’ म्हणून मराठीचा आग्रह कशासाठी? उत्तर असे की या बोलींचे आणि मराठीचे ध्वनी, शब्द, वाक्यरचना यांचे नाते सख्ख्या बहिणींचे आहे. देवनागरीचे अक्षर त्यांना परके नाही. पहिले खेळ बोलीतल्याच शब्दांनी खेळावेत. वाडीतल्या झाडांची नावे, स्वयंपाकघरातल्या भांड्यांची नावे, आजी ज्या नावाने हाक मारते ते नाव, यांतून ध्वनी वेचावेत. तेथून मराठीत येणे म्हणजे अंगणातून ओटीवर येणे होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे सुचवले आहे. माध्यम कोणतेही निवडले तरी घरात हे करण्याला कोणाची आडकाठी नाही. एका लिपीत ध्वनी आणि अक्षर यांचे नाते उमगलेले मूल दुसऱ्या लिपीपाशी रिकाम्या हाताने जात नाही.

आणि त्याला खर्च कोणता? ताटात तांदूळ पसरून बोटाने काढलेले अक्षर, चिंचोक्यांनी रेखलेला ‘ळ’, टाळ्या वाजवत फोडलेला शब्द, जेवताना ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तूंचा शोध. आपण लहानपणापासून खेळत आलेल्या गाण्याच्या भेंड्या म्हणजे तरी काय? शेवटचा ध्वनी पकडून त्यावरून नवे गाणे आठवणे, हाच तर कानाचा व्यायाम. फोनिक्सच्या नव्या पुस्तकांत जे सांगितले जाते त्यातले बरेचसे आपल्या ओटीवर होते. दूरदर्शनसंचासमोर आणि पुढे मोबाईलसमोर बसल्यावर ते गेले.

ग्रंथाची एक उणीव अखेरीस सांगितली पाहिजे. माँटेसरींच्या या प्रकरणांत अक्षरे आहेत, शब्द आहेत, आज्ञा लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. गोष्ट मात्र अभावानेच आहे. खेळण्यांची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचल्यावर खेळणे बक्षीस मिळत असताही मुले खेळणी नाकारून आणखी चिठ्ठ्याच मागत, असे त्या अभिमानाने सांगतात. वाचनाचा तो निखळ आनंद खराच. परंतु मांडीवर बसून गोष्ट ऐकण्याची माया या पद्धतीत कोठे बसते, ते कळत नाही. पुढे ‘द सीक्रेट ऑफ चाइल्डहुड’ या ग्रंथात जणू याचे उत्तर त्यांच्याच एका मुलाने दिले आहे. कचऱ्यात सापडलेले एक चुरगळलेले पान तो मुठीत लपवून आणतो. सोबती म्हणतो, हा तर नुसता कागद. तो म्हणतो, यात गोष्ट आहे. लेखिकेने हा प्रसंग नोंदवला, हे तिचे मोठेपण. त्या मुलाने पद्धतीच्या पुढे पाऊल टाकले होते.

माँटेसरींच्या वाटेवरून पुढे गेलेल्या सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी १९५४ मध्ये रोम येथे लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचे जे काम सुरू केले, त्यात ही उणीव भरून निघाली असे वाटते. तेथे मूल उत्तम मेंढपाळाची लाकडी प्रतिमा आणि मेंढरे हाताने हलवते आणि त्याच वेळी प्रभूचा दृष्टांत ऐकते. हात आणि गोष्ट एकत्र आली. आपल्या रविवारच्या धर्मशिक्षणवर्गांना यातून पुष्कळ घेता येईल.

सारांश, ‘द माँटेसरी मेथड’मधील ही प्रकरणे आजही वाचावीत अशी आहेत. मुलाचा हात हा बुद्धीचा भागीदार आहे, चूक दाखवण्यासाठी मोठ्यांचा आवाज चढण्याची गरज नाही, कानाची तयारी झाल्यावाचून अक्षर शिकवू नये, या तीन गोष्टी त्यांनी कायमच्या शिकवल्या. चमत्काराचा सूर, मागे राहिलेल्या मुलाचा विसर आणि गोष्टीची टंचाई ही त्यांतली उणी बाजू. आणि जे त्यांनी गृहीत धरले, ते आपल्याला गृहीत धरता येत नाही: मुलाच्या हाताखालचा शब्द आधी त्याच्या घरात राहत असला पाहिजे. योहानाच्या शुभवर्तमानात शब्द देह धारण करून आपल्यामध्ये वस्तीला येतो. मुलाने वाचलेल्या पहिल्या शब्दालाही राहण्यासाठी घर लागते. ते घर शाळा बांधून देत नाही, संच विकणारा दुकानदारही नाही. ते संध्याकाळच्या रोझरीनंतर, आजीआजोबांच्या शेजारी, दररोजच्या बोलण्यातून बांधले जाते.